कडीच्या आत

“वाजला का नाही वाजला, तेवढं सांगा म्याडम. बाकी मला काही कळत नाही.”

आमच्या ऑफिसच्या बाहेरच्या खोलीत खाकी शर्टातला एक माणूस उभा होता. समोर तीन खुर्च्या रिकाम्या, पण तो बसला नव्हता. नाव दानीएल पाटोळे, एसटीत कंडक्टर. नगरच्या पुढच्या एका तालुक्याच्या गावाहून तो ड्यूटी बदलून पुण्याला आला होता. त्याच्याशी बोलायला तुळपुळे सरांनी मला पुढे केलं, कारण सर कंपनीचे मालक असले तरी रडणारी माणसं त्यांना झेपत नसत. हा माणूस काही रडत नव्हता. तो नुसता उभा होता, आणि त्यानं मला जास्त अवघडल्यासारखं झालं.

“बसा ना,” मी म्हटलं.

“बसतो. आधी सांगा.”

“अहो, मशिन कालच आलंय. अजून उघडलंसुद्धा नाही मी.”

“मग उघडा. मी थांबतो.”

थांबतो म्हणजे किती, असं तोंडावर आलं होतं. माझी जीभ तेव्हा जरा जास्तच चालायची. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी ती आवरली आणि चहा सांगितला.

त्याची बायको मार्था ही तिथल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात सिस्टर होती. दुपारच्या ड्यूटीला अतिदक्षता विभागात ती एकटी आणि कॉट सहा. त्यांतल्या एका कॉटवर बाळंतपणात फार रक्त गेलेली एक कोवळी मुलगी होती. तिचा रक्तदाब टिकून राहावा म्हणून आमच्या कंपनीच्या सिरिंज पंपातून तिला थेंबथेंब औषध चाललं होतं. मॉनिटर दोनच होते आणि ते दुसऱ्या कॉटना लावलेले. मुलीनं कूस बदलली, औषधाची नळी अंगाखाली दबली, औषध थांबलं. अशा वेळी पंपानं बोंब मारायची असते, लाल दिवा लावायचा असतो. आमचे पंप विकले जायचे ते त्यासाठीच. सिस्टर पलीकडच्या कॉटवर होती. ती आली तेव्हा मुलगी गेलेली होती.

“ती म्हणती, वाजलाच नाही,” दानीएल म्हणाला. “वाजला असता तर मी हातातलं टाकून पळाले असते म्हणती. आणि हॉस्पिटलवाले म्हणतात, वाजला. मशिनमधी लिहिलेलं आहे म्हणतात. चार मिनिटं वाजत होता आणि ही आलीच नाही.”

“मशिनमध्ये लिहिलेलं आहे, हे कोणी सांगितलं त्यांना?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “तुम्हीच.”

ते खरं होतं. घटना घडली त्याच आठवड्यात आमच्या सर्व्हिसच्या माणसानं पंपाचा लॉग, म्हणजे पंपानं आपल्या हालचालींची स्वतःच ठेवलेली नोंद, काढून हॉस्पिटलला दिली होती. नळी दबल्याची ओळ होती, तिच्या लगेच खाली दुसरी ओळ, ‘अलार्म ऑन’, आणि चार मिनिटांनी नळी मोकळी झाल्याची तिसरी. हॉस्पिटलच्या चौकशी समितीनं दुसऱ्या ओळीचं मराठी केलं, ‘अलार्म वाजला’. सिस्टर मार्था निलंबित झाली. मुलीच्या नातेवाइकांनी हॉस्पिटलच्या काचा फोडल्या, मग पोलीस आले आणि सिस्टरवर हलगर्जीपणाचा गुन्हा नोंदला गेला. तो शाबित झाला तर तिचं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन जाणार होतं, आणि कदाचित तिला आतही जावं लागणार होतं.

“माझी बायको खोटं बोलत नाही,” दानीएल म्हणाला. “तिला ते जमतच नाही. पाहुण्याला घरात चहापावडर संपली म्हणून सांगायची, तिथंसुद्धा सांगून टाकती की आहे, पण करायचा कंटाळा आलाय.”

मला हसू आलं, आणि मग आलं याची लाज वाटली.

माझं काम काय होतं ते सांगायला हवं. पंपाच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर असतो. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. बझर, दिवा, बॅटरी अशा प्रत्येक वस्तूशी बोलायला त्या कर्नलमध्ये एकेक ड्रायव्हर असतो. हे ड्रायव्हर एकमेकांच्या पायात पाय घालणार नाहीत हे बघायला मी होते. आमच्या पंपात बझर, लाल दिवा आणि बॅटरीचं मीटर एकाच तारेवर होते. दोघं एकदम बोलले की सगळाच गोंधळ, म्हणून ज्याला बोलायचंय त्यानं आधी लॉक घ्यायचं, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. सगळं जग त्याला लॉक म्हणतं. तुळपुळे सर कडी म्हणायचे.

“घर पाहुण्यांनी भरलंय आणि न्हाणीघर एकच,” ते नव्या पोरापोरींना समजावत. “आत जायचं, कडी लावायची, आटपायचं, कडी काढायची. आत पेपर वाचत बसायचं नाही!”

पेपर वाचायचा नाही म्हणजे कडीच्या आत असताना लॉगमध्ये काही लिहायचं नाही. लिहायला वेळ लागतो आणि बाहेरचे खोळंबतात. जे लिहायचं ते कडी लावायच्या आधी तरी लिहा नाहीतर काढल्यावर तरी. आमच्या ऑफिसचा तो धर्मच होता. कोणी कडीच्या आत लिहिलेलं दिसलं की सर त्याला सगळ्यांदेखत ‘पेपरवाला’ म्हणून हाक मारत, आणि ते नाव महिनाभर सुटत नसे. नियम अगदी योग्य होता. आजही मी हाताखालच्या मुलांना तोच शिकवते.

दानीएल संध्याकाळच्या गाडीनं परत गेला आणि मी पंप टेबलावर घेतला.

माझ्या शेजारी फिरोज मुलाणी बसायचा. साताऱ्याचा, शांत, डोक्याला तेल लावून येणारा. बझरचा ड्रायव्हर त्यानं लिहिलेला, बॅटरीचाही त्यानंच. आम्ही नळीला चिमटा लावला. पंप वाजला. पुन्हा लावला, पुन्हा वाजला. उलटा धरला, तापवला, थंड केला, पॉवर काढून बॅटरीवर चालवला. लॉकसाठी कोण किती थांबतंय ते मोजायला मी कर्नलमध्ये ठिकठिकाणी घड्याळं लावली. डोळ्याचं पातं लवण्याच्या कितीतरी आधीच सगळे आत जाऊन बाहेर येत होते. पंप प्रत्येक वेळी इतक्या जोरात किंचाळायचा की अकाउंट्सच्या बाईंनी येऊन विचारलं, हे असंच चालणार आहे का.

“आता मला सांग,” सर एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “तू यंत्र तपासते आहेस की यंत्रात दोष असावा अशी प्रार्थना करते आहेस?”

“सर, ती बाई म्हणते वाजला नाही.”

“बाई काय म्हणते ते बाई म्हणते. विभावरी कारखानीस काय म्हणते?”

“वाजतोय,” मी म्हटलं.

“मग तसं लिहून दे आणि यंत्र परत पाठव.” मग जरा मऊ आवाजात म्हणाले, “माणूस दमतो गं. सहा कॉट आणि एकटी बाई. नसेल ऐकू आलं. तिचाही दोष नाही म्हणायचा. पण यंत्राचाही नाही.”

सर वाईट नव्हते. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून लोक त्यांच्यावरच चिडतात.

मी लिहून द्यायला बसले, पण लिहिलं जाईना. मनात पाल चुकचुकत होती, आणि ती नक्की कुठे चुकचुकतेय ते सापडत नव्हतं. शेवटी लिहिणं बाजूला ठेवून मी पंप परत पाठवायच्या तयारीला लागले. कुरियरवाले बॅटरी घेत नाहीत, पेट घेते म्हणून. त्यामुळे पंप कुठूनही कुठेही जायचा असला की आधी बॅटरी काढायची ही आमची पद्धत. मी मागचं झाकण उघडलं, बॅटरी हातात घेतली आणि बघतच राहिले. तिच्यावर फिरोजच्या अक्षरात आमच्या लॅबची चिठ्ठी होती.

“फिरोज, ही आपली बॅटरी आहे.”

“मग? तिकडनं कशी येईल? कुरियर घेत नाही ना.”

“म्हणजे आजवर जे जे पंप तक्रार घेऊन परत आले...”

फिरोजनं कीबोर्डवरचे हात उचलले. “...ते सगळे आपण आपल्या नव्या बॅटरीवर तपासले,” तो हळूच म्हणाला.

दोघांनाही कळलं होतं.  पंप आमच्याकडे यायचा, त्याचं दुखणं तिकडेच राहायचं, आणि आम्ही त्याला धडधाकट म्हणून शिक्का मारून परत पाठवायचो. वर्षानुवर्षं.

मी दानीएलला फोन लावला. पंपाची जुनी बॅटरी कुठे असेल, एवढंच विचारलं. त्यानं कारण विचारलं नाही. दोनच दिवसांत तो पुन्हा आमच्या दारात उभा होता. वॉर्डातल्या मावशींकडून मागून आणलेली बॅटरी त्यानं जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळून आणली होती.

“मी बघू का?” त्यानं विचारलं.

बाहेरच्या माणसाला लॅबमध्ये न्यायची परवानगी नव्हती. “या,” मी म्हटलं.

बॅटरी जुनी, जराशी फुगलेली. पंप त्या बॅटरीवर सुरू केला, तो नीट सुरू झाला. सिरिंजमध्ये साधं पाणी भरलं, थेंब पडायला लागले. फिरोजनं समोरच्या स्क्रीनवर लॉग उघडला आणि मी नळीला चिमटा लावला.

लॉगमध्ये ओळ उमटली, नळी दबली. लगेच खाली दुसरी, अलार्म ऑन.

पंप गप्प होता.

लाल दिवाही नाही. वरचा पंखा तेवढा कुरकुरत होता. फिरोज काहीतरी म्हणायला गेला आणि मी हात वर करून त्याला थांबवलं. दानीएल पंपाकडे बघत होता, मग स्क्रीनकडे, मग पुन्हा पंपाकडे. इंग्रजी त्याला बेताचंच येत असावं, पण ‘ऑन’ कुणालाही वाचता येतं.

“हे काय लिहिलंय?” त्यानं विचारलं.

“अलार्म सुरू.”

“पण हा तर वाजत नाही.”

“नाही.”

“हॉस्पिटलवाल्यांना जे दाखवलं ते हेच का?”

“हेच.”

तेवढ्यात सर आत आले. परका माणूस बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “काय चाललंय?” त्यांनी विचारलं.  त्यांनी स्क्रीन वाचला, पंपाकडे पाहिलं आणि जवळची खुर्ची ओढून बसले. आम्ही चौघं त्या मुक्या यंत्राभोवती एखाद्या आजारी माणसाभोवती बसावं तसे बसलो होतो. किती वेळ गेला ते मी तेव्हा मोजलं नाही. फिरोजनं मोजलं. मग एकदम पंप किंचाळला, लाल दिवा लागला, आणि दानीएल दचकून दोन पावलं मागे सरला.

“चार मिनिटं,” फिरोज म्हणाला. 

त्यानंतर शोधायला फार वेळ लागला नाही. जुन्या बॅटरीतलं मीटर उत्तरच देत नव्हतं. बॅटरीचा ड्रायव्हर कडी लावून आत शिरायचा, विचारायचा, थांबायचा, पुन्हा विचारायचा. कंटाळून कडी काढायचा, आणि बाहेरचा कोणी उठून दारापर्यंत येतो न येतो तोच हा परत आत. अलार्मचा ड्रायव्हर बाहेर ताटकळत उभा, कधीतरी एखादी फट सापडेपर्यंत. आणि अलार्मनं आपली ओळ लॉगमध्ये आधीच लिहून टाकली होती, कडी लावायच्या आधी, नियमाप्रमाणे. अलार्म ऑन याचा अर्थ वाजला असा नव्हताच. मी आता वाजणार आहे, असा होता.

“वाजल्यावर लिहायला पाहिजे होतं मी,” फिरोज म्हणाला. “माझ्या मनात होतं. पण म्हटलं, आत लिहिलं की सर पेपरवाला म्हणतील. आणि बाहेर येऊन लिहायचं, तर तेवढ्यात पंप बंद पडला तर नोंदच राहायची नाही. म्हणून आधीच लिहिलं.”

 सर चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत राहिले.

दानीएल माझ्याकडे वळला. “मग ती खरं बोलत होती.”

“हो.”

“हो ना? नक्की?”

“नक्की, पाटोळे. वाजलाच नव्हता.”

तेव्हा तो खुर्चीत बसला, आणि तेव्हा त्याला रडू आलं. सर उठून बाहेर गेले नाहीत. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आमचं भांडण झालं ते त्यानंतर. मला त्याच दिवशी हॉस्पिटलला कळवायचं होतं. सर म्हणाले, नाही.

“आधी सॉफ्टवेअर दुरुस्त. मग प्रत्येक हॉस्पिटलात माणूस पाठवून प्रत्येक पंपात ते घालायचं. ते झालं की रिपोर्ट.”

“सर, तिकडे एका बाईवर पोलीस केस आहे.”

“आणि तिकडे शेकडो कॉट आहेत, विभा. प्रत्येक कॉटवर कोणीतरी झोपलंय. आज रिपोर्ट गेला तर उद्या पेपरात येणार, परवा सगळे पंप बंद करून कपाटात टाकणार. मग औषध कशातून देणार? हातानं थेंब मोजत? किती मरतील माहितीय तुला?”

“दोन्ही एकदम करू.”

“माणसं किती आहेत आपल्याकडे? तू, फिरोज आणि सर्व्हिसचे चौघे.”

मी आवाज चढवला, नको ते बोलले, त्यांना भेकड म्हटलं. ते शांतपणे ऐकून घेत राहिले. गंमत म्हणजे, दानीएलच मध्ये पडला.

“साहेबांचं बरोबर आहे म्याडम,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाच्या घरात असं व्हायला नको. आम्ही थांबू. आता काय, आता माहीत तर झालं ना, की वाजला नव्हता. मी सांगतो तिला जाऊन. तेवढ्यानंच ती अर्धी बरी होईल.”

मला त्याचा राग आला. इतका चांगुलपणा बघून मला नेहमी राग येतो. पण सरांचा हिशेब मला आजही खोडता येत नाही, आणि मी खोडायचा प्रयत्न पुष्कळ वेळा केलाय.

आम्ही वेड्यासारखं काम केलं. फिरोजनं बॅटरीच्या ड्रायव्हरला शिस्त लावली, मी लॉक रांगेनं मिळेल असं केलं. मी स्वतः नाशिक, जालना, बार्शी अशी फिरले, पंपांची झाकणं उघडत आणि बंद करत. जुन्या बॅटऱ्या पोत्यानं गोळा झाल्या. पावसाळा सरला, दिवाळी येऊन गेली. शेवटचा पंप झाला त्याच दिवशी सरांनी रिपोर्ट लिहिला. एक शब्दसुद्धा लपवला नाही. दोष आमचा, सिस्टरचा नाही, असं स्वच्छ लिहून खाली सही केली.

आठवड्यानं त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हॉस्पिटलच्या अधीक्षकांचा फोन येऊन गेला होता.

“ते म्हणतात, प्रकरण मिटलंय,” सर म्हणाले.

“मिटलंय म्हणजे?”

“सिस्टरनं लेखी दिलंय. अलार्म वाजला, मी ऐकला, पण वेळेत गेले नाही. चूक कबूल केली म्हणून मुलीच्या घरच्यांनी तक्रारीचा जोर सोडला. तिनं नोकरी सोडायची आणि रजिस्ट्रेशन परत करायचं, एवढ्यावर सगळं थांबलं. ते म्हणतात, तिनं तो जबाब मागे घेतला तर रिपोर्ट विचारात घेऊ. नाहीतर जुनं उकरून काढायची त्यांची इच्छा नाही.”

“तिच्यावर दबाव आणला असणार.”

“असेल. जा आणि विचार.”

मी दानीएलला फोन लावला. 

“तुम्ही या म्याडम,” तो म्हणाला. “ते मशिन घेऊन या. जुन्या बॅटरीचं. तुम्ही तिला डोळ्यांनी दाखवा. माझं ऐकत नाही ती.”

म्हणून एका रविवारी दुपारी मी एक पंप, त्यातलं जुनं सॉफ्टवेअर आणि तीच ती फुगलेली बॅटरी घेऊन त्यांच्या घरी गेले. चर्चच्या मागे दोन खोल्या, पुढे सारवलेलं अंगण. मार्था माझ्यापेक्षा फार तर पाचसहा वर्षांनी मोठी होती. केस घट्ट बांधलेले, नखं अगदी बारीक कापलेली. मनात मी तिला खंगलेली, रडून सुजलेली बघितलं होतं. तशी ती नव्हती. नीट बोलत होती, हसत होती. माझ्यासाठी तिनं पोहे केले होते.

“लांबनं आलात ताई. खा आधी.”

मी खाल्ले. मग सगळं सांगितलं. कडीची गोष्ट, बॅटरीची, लॉगमधल्या ओळीची. ती लक्ष देऊन ऐकत होती, मध्ये मध्ये मान हलवत होती. तिला सगळं कळत होतं. मशिनं हाताळण्यात तिचा जन्म गेला होता.

“म्हणजे मार्थाताई, तुम्ही पहिल्यांदा जे सांगितलं तेच खरं,” मी म्हटलं. “तुमची काही चूक नाही. तो वाजला नव्हता.”

“वाजला होता,” ती म्हणाली.

मला वाटलं, ती भीतीनं बोलतेय. “आता कोणाला घाबरायचं कारण नाही. आमच्या सरांनी लेखी दिलंय.”

“घाबरून नाही हो. तुम्ही तिथं नव्हता ताई. मी होते.” तिच्या आवाजात जराही कंप नव्हता. “मी पलीकडं सलाईनची बाटली बदलत होते. तो वाजायला लागला. मी म्हटलं, एवढी बाटली झाली की जाते. सुई निघाली होती त्या पेशंटची, ती परत लावत बसले. तो वाजतच होता. मला आठवतंय ना.”

“पण आधी तुम्ही म्हणत होता...”

“आधी म्हणत होते, नाही वाजला. लई दिवस म्हणत होते. चौकशीत साहेब म्हणायचे, सिस्टर, मशिन खोटं बोलत नाही, माणूस विसरतं. त्यांनी तो कागद दाखवला. रोज दाखवला. मग मला वाटायला लागलं, आपणच विसरलो असू. कुणाचं लेकरू गेलं आणि आपण आपली चामडी वाचवतोय. मग मी प्रार्थनेला बसले. म्हटलं, देवा, खरं काय ते मला दाखव.” तिनं माझी रिकामी बशी उचलून बाजूला ठेवली. “आणि मला ऐकू आला. स्पष्ट.”

दानीएल दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. “मार्था, मी स्वतः बघितलं गं,” तो म्हणाला. “माझ्या डोळ्यांदेखत नाही वाजला.”

“तुम्ही माझे आहात, म्हणून तुम्हाला तसं दिसतं,” ती त्याला मायेनं म्हणाली.

मी उठले. मला आता काही समजावायचं नव्हतं, दाखवायचं होतं. पंप जेवणाच्या टेबलावर ठेवला, सिरिंजमध्ये पाणी भरलं, नळीचं टोक भांड्यात सोडलं. थेंब पडायला लागले. “आता बघा,” मी म्हटलं आणि चिमटा लावला.

थेंब थांबले. पंप गप्प. दिवा नाही, आवाज नाही. बाहेर अंगणात कोणाची तरी कोंबडी पाचोळा उकरत होती, तिच्या नखांची खसखससुद्धा आत ऐकू येत होती. मी मार्थाकडे बघत होते. मला वाटत होतं, आता तिला कळेल. आता ती रडेल, चिडेल, आम्हाला शिव्या देईल. ती हवी होती मला, ती शिवी.

ती पंपाकडे टक लावून बघत होती. हळूहळू तिचा चेहरा आक्रसला. हातांची बोटं साडीत वळली.

“ऐकलंत?” मी विचारलं. “काही आवाज आला?”

“तेच म्हणते ना मी,” ती म्हणाली. “असाच वाजत होता. अगदी असाच.”

दानीएलनं डोळे मिटले.

“मार्थाताई, तो वाजत नाहीये. पाटोळे, सांगा ना तुम्ही!” माझा आवाज किती चढला होता ते मला कळलंच नाही. 

पण ती उठली होती. वॉर्डात उठत असेल तशी झटकन, पदर खोचून. टेबलापाशी येऊन तिनं पंपाच्या कोपऱ्यातलं अलार्म थांबवायचं बटण न बघता दाबलं. नळीवरून बोट फिरवत चिमटा शोधला आणि सोडवला. थेंब पुन्हा पडायला लागल्याची खात्री करून घेतली.

“बघा, मी पोचले की नाही वेळेत,” ती म्हणाली. आणि मग सिरिंजच्या पलीकडे, टेबलाच्या मोकळ्या टोकाकडे हात नेऊन, तिथे कोणी झोपलेलं असावं तशी, हलक्या हातानं पांघरूण सारखं करायला लागली.